पुडी दुकानाची, गाणं कुणाचं? अमेरिकेतल्या स्वस्त 'दुकानी' रेकॉर्ड्स ओळखायला शिकताना

इंडियानातल्या रिचमंडच्या वाटेवरच्या एका शेतघराच्या तळघरात हा प्रकार मी पहिल्यांदा पाहिला. ईस्टेट सेल होता. म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस गेलं की चमच्यांपासून ट्रॅक्टरपर्यंत सगळ्याला चिठ्ठ्या लावून दोन दिवसांत विकून टाकायचं. इंडियानात राहायला आल्यापासून शनिवारी सकाळी असल्या ठिकाणी घुटमळायची मला सवय लागली आहे. कोपऱ्यात सफरचंदांच्या लाकडी खोक्यात ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या, रेकॉर्ड्स उभ्या होत्या. मला तेव्हा व्हिक्टर आणि कोलंबिया ही दोनच नावं ठाऊक. खोक्यात मात्र कॉन्करर, सुपरटोन, चॅलेंज, माँटगोमेरी वॉर्ड. ही कसली गल्लीबोळातली नावं, असं म्हणून मी त्या ठेवून दिल्या आणि दोन घासून पांढऱ्या पडलेल्या व्हिक्टर उचलून घरी आलो. ते खोकं अजून आठवतं.

तुम्ही आत्ता त्याच पायरीवर असाल. तेव्हा मला जे कुणी सांगितलं नाही, ते सांगतो.

आधी प्रकार काय आहे ते

किराणा दुकानदार स्वतःच्या नावाच्या पिशवीतून तूरडाळ विकतो म्हणून त्याने शेत नांगरलेलं नसतं. सियर्स रोबक ही शिकागोची कंपनी जाडजूड कॅटलॉग छापून टपालाने शिवणयंत्रापासून अख्ख्या घराच्या लाकडी सुट्या भागांपर्यंत काहीही शेतकऱ्याच्या दारात पोचवायची. तिच्याकडे रेकॉर्डिंगचा स्टुडिओ नव्हता आणि तबकड्या दाबायचा कारखानाही नव्हता. रेकॉर्ड कंपनीकडून तयार माल घ्यायचा, वर आपल्या नावाचा कागद चिकटवायचा आणि कमी किमतीत विकायचा, हा सरळ धंदा होता. संग्राहक याला स्टेन्सिल लेबल म्हणतात. ज्यांची दुकानं पाच-दहा सेंटांच्या वस्तूंची होती त्यांच्या लेबलांना डाइम स्टोअर लेबल.

इथे एक गल्लत सुरुवातीलाच टाळा. स्वस्त लेबल आणि दुकानाचं लेबल या दोन गोष्टी आहेत. आमच्या आजोबांकडे 'ट्विन'च्या रेकॉर्ड्स होत्या. ते ग्रामोफोन कंपनीचं स्वतःचं स्वस्त लेबल, एचएमव्हीचं धाकटं भावंड. अमेरिकेत आरसीए व्हिक्टरचं ब्लूबर्ड त्याच जातीचं, ३५ सेंटांचं आणि कंपनीचं स्वतःचं. कॉन्करर मात्र सियर्सचं. ते दुसऱ्या कुठल्याही दुकानात मिळायचं नाही.

हे परवडायचं कसं? १९२० च्या दशकात व्हिक्टरची लोकप्रिय गाण्यांची दहा इंची रेकॉर्ड ७५ सेंटांना होती आणि त्या पैशात जाहिरात, नामवंत गायकाचा करार, रॉयल्टी असं सगळं मोजलेलं असायचं. दुकानी रेकॉर्डमध्ये गायक-वादकाला एकरकमी पैसे दिले की विषय संपला. जाहिरात कॅटलॉगच करायचा. कारखान्याची यंत्रं नाही तरी काही तास रिकामी असायची. आणि एकच साचा पाच-सहा लेबलांखाली विकला की साच्याचा खर्च वाटला जायचा.

पहिली पायरी: कुणाचं दुकान, कुठलं लेबल

सगळी पाठ करू नका, एवढी पुरतील.

सियर्स सगळ्यात मोठं आणि सगळ्यात गोंधळाचं, कारण त्यांनी लेबलं सारखी बदलली. १९०० च्या दशकात ऑक्सफर्ड. मग सिल्व्हरटोन, जे नाव त्यांच्या फोनोग्राफ यंत्रांवरही असायचं. १९२४ पासून सुपरटोन. १९२७ च्या सुमारास त्याहून स्वस्त चॅलेंज. आणि १९२८ ते १९४२ कॉन्करर. एकच नाव वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या कारखान्यांतून येई. सुपरटोन काही काळ रिचमंडच्या गेनेट या रेकॉर्ड कंपनीकडून आलं, पुढे ब्रन्सविक कंपनीकडून. त्यामुळे 'सुपरटोन कुणी बनवलं' या प्रश्नाला आधी विचारा, कोणत्या साली.

सियर्सची आणखी एक गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. १९२४ मध्ये त्यांनी शिकागोत स्वतःचं रेडिओ केंद्रच काढलं, डब्ल्यूएलएस. ही अक्षरं 'वर्ल्ड्स लार्जेस्ट स्टोअर'ची! चार वर्षांनी केंद्र विकून टाकलं, पण शनिवारी रात्रीच्या तिथल्या गावरान गाण्यांच्या कार्यक्रमामुळे शेतकऱ्यांच्या घराघरांत गायक ओळखीचे झाले होते. ब्रॅडली किंकेड हा केंटकीचा गायक डब्ल्यूएलएसवर गाजला आणि त्याच्या रेकॉर्ड्स सियर्सच्या लेबलांवर आल्या. नंतर जीन ऑट्री. हा पुढे सिनेमातला गाणारा काउबॉय झाला, पण त्याआधी डब्ल्यूएलएसवर गात असताना कॉन्कररवरच्या त्याच्या रेकॉर्ड्स सियर्सच्या कॅटलॉगमधून गावोगाव गेल्या. त्याच्या नावाची गिटारही सियर्सच विकायचं. रेडिओवर ऐकायचं, कॅटलॉगमधून मागवायचं, आणि तीच धून वाजवायला वाद्यही तिथूनच. मध्यपश्चिमेच्या जुन्या शेतघरांत आजही कॉन्करर इतक्या का सापडतात, ते यावरून कळतं.

माँटगोमेरी वॉर्ड हा सियर्सचा टपालातला जुना प्रतिस्पर्धी. त्यांनी लेबलाला स्वतःचंच नाव दिलं. १९३३ ते १९४१ च्या दरम्यानचा हा माल बहुतेक आरसीए व्हिक्टरचा, थोडा डेक्काचा. क्रमांकाआधी 'एम' असतो. कार्टर कुटुंब, जिमी रॉजर्स असे व्हिक्टरचे दिग्गज इथे स्वस्तात मिळायचे. मी तळघरात ठेवून दिलेल्या त्या याच.

बाकीची भराभर सांगतो. क्रेस दुकानांचं रोमिओ, मॅक्रोरीचं ओरिओल, डब्ल्यू. टी. ग्रँटचं डीव्हा, अमेरिकी वूलवर्थचं मॅडिसन. यातलं डीव्हा कोलंबियाचं, मॅडिसन बोस्टनच्या ग्रे गलचं. रोमिओ आणि ओरिओल वेगवेगळ्या घरांत जन्मली, पण १९२९ मध्ये प्लाझा, कॅमिओ आणि पाथे या रेकॉर्ड कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन रेकॉर्ड कॉर्पोरेशन झाली तेव्हा एकाच छपराखाली आली. या कंपनीला संग्राहक नुसतं 'एआरसी' म्हणतात. ही तीन अक्षरं लक्षात ठेवा, पुढे लागतील.

दुसरी पायरी: लेबल सोडा, लेबलाभोवतीचा रिकामा पट्टा वाचा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच.

रेकॉर्ड दोन्ही हातांच्या तळव्यांत कडांवर धरा. बोटं खाचांवर नकोत. मोबाइलची टॉर्च एका बाजूला ठेवा आणि रेकॉर्ड हलकेच तिरपी करत जा. गाणं संपतं तिथपासून कागदी लेबलापर्यंतचा जो गुळगुळीत पट्टा आहे, त्याला इथले लोक डेड वॅक्स म्हणतात. तिथे आकडे दिसतील. कधी ठसठशीत छापील, कधी कुणी टोकदार सळईने हाताने कोरलेले. कधी अर्धे लेबलाच्या कागदाखाली गेलेले असतात, तेव्हा कागदावर पेन्सिल घासायची नाही, फक्त प्रकाश तिरपा टाकायचा. कागदावर उठाव दिसतो.

हा मॅट्रिक्स नंबर. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी मूळ मेणाच्या तबकडीला दिलेला क्रमांक. लेबलं पाच चिकटवा, हा नंबर बदलत नाही. त्याच्यामागे रेघ देऊन १, २, ३ असा आकडा असेल तर तो टेक, म्हणजे गाणं कितव्यांदा म्हटलं ते. एकच गाणं दोन लेबलांवर वेगवेगळ्या टेकचं निघू शकतं, आणि ते कानाला कळतं. एका वेळी व्हायोलिन नीट लागलंय, दुसऱ्या वेळी गायकाने ओळ जरा लांबवलीय. याचं वेड लागलं की परतीचा रस्ता नाही, हे सांगून ठेवतो.

अक्षरांवरून कारखाना कळतो. 'जीई' आणि पुढे आकडा असेल तर गेनेटचा रिचमंडचा स्टुडिओ, 'जीईएक्स' असेल तर न्यूयॉर्कचा. वर्तुळातला 'डब्ल्यू' म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या पद्धतीने केलेलं कोलंबियाचं विजेवरचं मुद्रण. लंबगोलात 'व्हीई' असेल तर व्हिक्टरचं विजेवरचं.

नंबर मिळाला की सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाची अमेरिकन ध्वनिमुद्रणांची मोठी सूची आहे, ती फुकट पाहता येते. तिथे नंबर टाका. गायक, वादक, तारीख, शहर, आणि तोच साचा आणखी कुठल्या लेबलांवर निघाला त्याची यादी. पहिल्यांदा असं झालं तेव्हा मी रात्री दीडला बायकोला उठवलं होतं. तिने विचारलं, "किती पैसे येणार?" मी म्हटलं, "दोन डॉलर." ती परत झोपली.

रिचमंडचा उल्लेख आलाच आहे तर एक सांगतो. गेनेट हे स्टार पियानो कंपनीचं रेकॉर्डचं अंग. नदीकाठच्या घळीत कारखाना, शेजारून रेल्वेचा रूळ, गाडी आली की मुद्रण थांबवायचं. १९२३ मध्ये किंग ऑलिव्हरच्या जॅझ बँडबरोबर तरुण लुई आर्मस्ट्राँग इथेच कॉर्नेट वाजवून गेला. आडव्या खाचांच्या पेटंटवरून व्हिक्टरने स्टारला कोर्टात खेचलं होतं आणि व्हिक्टर हरली. त्या निकालाने छोट्या कंपन्यांना रान मोकळं झालं. १९२० च्या दशकात लेबलांचं जे पीक आलं त्यामागे हा खटला आहे. इंडियानात येणं झालं तर त्या घळीतली पडकी भिंत आणि जमिनीत बसवलेल्या कलाकारांच्या चकत्या बघून या.

तिसरी पायरी: एआरसीचा तारखेचा क्रमांक

हे जमलं की दुकानदारासमोर तुम्ही जाणकार वाटता.

१९३५ च्या अखेरीपासून १९३८ पर्यंत एआरसीच्या स्वस्त लेबलांवर, म्हणजे बॅनर, मेलोटोन, ओरिओल, परफेक्ट, रोमिओवर, तीन तुकड्यांचा क्रमांक छापलेला असतो. उदाहरणार्थ ७-०४-६०. पहिला ७ म्हणजे १९३७. मधला ०४ म्हणजे एप्रिल. शेवटचा आकडा त्या महिन्यातला अनुक्रम. ५० पर्यंत नाचाची आणि लोकप्रिय गाणी, ५१ पासून पुढे गावरान आणि ब्लूज.

हा क्रमांक मी उगाच निवडला नाही. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोत मुद्रण केलेल्या रॉबर्ट जॉन्सनची एक रेकॉर्ड याच क्रमांकाने परफेक्ट, ओरिओल, रोमिओवर निघाली होती. व्होकॅलियन या जरा महाग लेबलावर तीच रेकॉर्ड ३५ सेंटांना. ज्याच्या एकेका रेकॉर्डसाठी आज संग्राहक जीव टाकतात, तो ब्लूज गायक मॅक्रोरीच्या दुकानात मोज्यांच्या शेजारी २५ सेंटांना पडलेला होता.

आता माझा वेंधळेपणा. एकदा एका जुन्या वस्तूंच्या बाजारात बॅनर, ओरिओल आणि रोमिओ अशा तीन छान चकचकीत रेकॉर्ड्स दिसल्या. तीन वेगळी लेबलं, तीन वेगळे रंग, लगेच घेतल्या. घरी येऊन पाहिलं तर तिन्हींवर एकच क्रमांक. त्याच दोन गाण्यांच्या तीन प्रती! लेबल बघून रेकॉर्ड घेणाऱ्याची ही फी म्हणायची.

कॉन्कररवर हा तारखेचा क्रमांक नसतो. त्याचे चार आकडी क्रमांक वेगळे चालतात. तिथे दुसऱ्या पायरीवर परत या.

चौथी पायरी: गायकाच्या नावावर भरवसा ठेवू नका

व्हर्नन डॅलहार्ट हे १९२० च्या दशकातलं खूप खपलेलं नाव, आणि हेही टोपणनावच. खरं नाव मॅरिअन ट्राय स्लॉटर. त्याने शंभरावर वेगवेगळ्या नावांनी गाणी म्हटली. कारण साधं होतं. ७५ सेंटांच्या रेकॉर्डवर ज्याचं नाव आहे तोच २५ सेंटांच्या रेकॉर्डवर दिसला तर महागडी कोण घेईल? मग दुकानी लेबलावर कुणी 'जो स्मिथ'छाप नाव छापायचं.

ड्यूक एलिंग्टनचा जॅझ वाद्यवृंद १९३० मध्ये एआरसीच्या स्वस्त लेबलांवर 'टेन ब्लॅक बेरीज' म्हणून आला. फ्लेचर हेंडरसनची जॅझ मंडळी कोलंबियाच्या हार्मनी या स्वस्त लेबलावर 'डिक्सी स्टॉम्पर्स' झाली. 'व्हूपी मेकर्स' तर इतकं सैल नाव की त्याखाली कधी एलिंग्टनची माणसं, कधी दुसरेच कुणी गोरे वादक. याची उलट बाजूही आहे. अनोळखी टोपणनाव दिसलं की आत हिराच असेल असं समजून नवखे पैसे उधळतात. दहातली नऊ नावं न्यूयॉर्कच्या स्टुडिओत रोज येऊन ठरावीक पगारात गाणाऱ्या सामान्य गायकांचीच असतात. माझं मत विचाराल तर तीही ऐकण्यासारखी आहेत. रोज चार गाणी म्हणणाऱ्याचा गळा एक वेगळीच सफाई दाखवतो, आपल्याकडच्या जुन्या नाटक कंपन्यांतल्या बदली नटांसारखी.

पाचवी पायरी: कान लावा

१९२५ मध्ये मायक्रोफोन आला. त्याआधी गायक पत्र्याच्या कर्ण्यात तोंड घालून गायचे. कोलंबियाने नव्या पद्धतीने महागड्या रेकॉर्ड्स काढायला सुरुवात केली आणि जुनी कर्ण्याची यंत्रणा फेकून न देता स्वस्त लेबलांना लावली. हार्मनी, व्हेल्व्हेट टोन आणि ग्रँट दुकानांचं डीव्हा यांवर १९२० चं दशक संपत येईपर्यंत कर्ण्यातलंच मुद्रण चालू राहिलं. म्हणून १९२६ ची हार्मनी वाजवली की ती १९२० ची वाटते.

एक प्रयोग करा. हेंडरसनच्याच वाद्यवृंदाची त्याच वर्षाची कोलंबिया आणि 'डिक्सी स्टॉम्पर्स'ची हार्मनी इंटरनेट आर्काइव्हवर शोधून लागोपाठ ऐका. कोलंबियात ट्यूबाचा खर्ज छातीवर येतो. हार्मनीत तोच खर्ज शेजारच्या खोलीत दार लावून वाजवल्यासारखा. पण क्लॅरिनेट आणि कॉर्नेट मात्र कर्ण्यातून असे धारदार येतात की मला कधीकधी हार्मनीच जास्त आवडते. हे सगळ्यांना पटत नाही.

सहावी पायरी: आकार आणि भोक मोजा

नेहमीच्या रेकॉर्डचं मधलं भोक साधारण ७ मिलिमीटरचं. हातात आलेल्या रेकॉर्डचं भोक अंगठा जाईल एवढं असेल तर ती कुणी नंतर कातरलेली नाही.

१९०७ च्या सुमारास शिकागोत एक नामी युक्ती निघाली. दुकानदाराने गिऱ्हाइकाला ठरावीक रकमेच्या खरेदीवर फोनोग्राफ जवळजवळ फुकट द्यायचा. मेख यंत्राच्या मधल्या दांड्यात. तो मुद्दाम जाड केलेला, त्यामुळे नेहमीच्या रेकॉर्ड्स बसायच्याच नाहीत. स्टँडर्ड टॉकिंग मशीनचा दांडा ९/१६ इंच, हार्मनीचा ३/४ इंच, युनायटेडचा दीड इंच, आणि अरेटिनोचा तब्बल ३ इंच! ही हार्मनी वरच्या कोलंबियाच्या हार्मनीहून वेगळी आणि आधीची. रेकॉर्ड्स बहुतेक कोलंबियाच्याच, मोठी भोकं पाडलेल्या. यंत्र फुकट आणि रेकॉर्ड जन्मभर आमच्याकडूनच. प्रिंटर स्वस्तात विकून शाईत पैसे काढायचा धंदा आत्ताचा वाटतो, पण शंभर वर्षांपूर्वी शिकागोच्या पोरांनी तो भोकात बसवला होता. अरेटिनोची रेकॉर्ड हातात धरली तर लेबलाची नुसती बांगडी उरलेली दिसते, आणि त्या बांगडीवर गाण्याचं नाव कसंबसं कोंबलेलं.

इंग्लंडात आकाराचं कारण वेगळं. तिथल्या वूलवर्थमध्ये दुसऱ्या महायुद्धापर्यंत कुठलीच वस्तू ६ पेन्सांपेक्षा महाग नसायची. मग ६ पेन्सांत रेकॉर्ड कशी बसवणार? लहान करून. क्रिस्टलेट कंपनीने त्यांच्यासाठी १९२८ मध्ये ७ इंची व्हिक्टरी काढली, १९३१ मध्ये ८ इंची एक्लिप्स, १९३५ मध्ये ९ इंची क्राउन. किंमत तीच. १९३७ मध्ये डेक्काने क्रिस्टलेट घेतली आणि क्राउन बंद झालं. युद्धानंतर १९५४ मध्ये वूलवर्थने एम्बसी काढलं. बनवणारी कंपनी ओरिओल, पण ही इंग्लंडची, मॅक्रोरीच्या ओरिओलशी संबंध नाही. त्या आठवड्यात गाजणाऱ्या गाण्यांच्या नकला, दुसऱ्या गळ्यांतून, स्वस्तात. सीबीएसने ओरिओल विकत घेतल्यावर १९६५ मध्ये तेही संपलं. लंडन-लेस्टरकडच्या मराठी मंडळींना चॅरिटी शॉपमध्ये एम्बसी ढिगाने दिसतील. तिथून सुरुवात करायला हरकत नाही, मोडली तरी हळहळ वाटत नाही.

अमेरिकेत १९३० ते १९३२ या काळात वर्तमानपत्रांच्या स्टॉलवर १५ सेंटांना मिळणारी 'हिट ऑफ द वीक' हे दुकानी लेबल नव्हे, पण खोक्यात हमखास निघते. कागदी पुठ्ठ्यावर तपकिरी राळेचा थर, एकाच बाजूला गाणं. पापडासारखी वळलेली असेल तर फेकू नका, कडेला नाणी ठेवून वाजते.

सातवी पायरी: विकत घेताना

माठ घेताना टिचकी मारतो तशीच इथेही मारायची. मधल्या भोकात बोट घालून रेकॉर्ड लोंबती धरा आणि नखाने कडेला हलकेच वाजवा. खणखणली तर धड आहे, भद्द वाजली तर कुठेतरी बारीक चीर आहे. ती डोळ्यांना दिसत नाही, सुईला मात्र प्रत्येक फेरीत लागते.

खाचा राखाडी पडल्या असतील तर सोडा. स्वस्त रेकॉर्ड्स गरीब घरांत वाजल्या, आणि पोलादी सुई दर बाजूला बदलायची असते हे तिथे परवडत नव्हतं. एकच बोथट सुई महिनाभर. शिवाय या रेकॉर्ड्सचा मसालाही हलका असायचा. म्हणून चांगल्या अवस्थेतली कॉन्करर ही चांगल्या अवस्थेतल्या व्हिक्टरपेक्षा दुर्मीळ.

किमतीचं थोडक्यात सांगायचं तर नाचाचे वाद्यवृंद आणि गोडगोड प्रेमगीतं एक-दोन डॉलरच्या वर घेऊ नका. ब्लूज, गावरान व्हायोलिन, खरा जॅझ यांना भाव आहे. आणि १९३० ते १९३३ च्या कुठल्याही लेबलाकडे दोनदा पाहा. मंदीत अमेरिकेतला रेकॉर्डचा खप अंदाजे दहा कोटींवरून साठ लाखांवर आला होता, तेव्हा निघालेलं सगळंच थोडक्या प्रतींत निघालं.

आठवी पायरी: धुणं

साधं कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेने, लेबल कोरडं, मग सुती फडक्याने टिपून उभी वाळवायची. बस. कागदी 'हिट ऑफ द वीक'ला आणि एडिसनच्या जाड तबकड्यांना पाणी लावू नका.

स्पिरिट, अल्कोहोल अजिबात नको. एलपीसाठी आणलेल्या बाटलीतलं द्रावण मी एका सुपरटोनवर फिरवलं आणि काळी चकाकी माझ्या फडक्यावर उतरली. वास ओळखीचा वाटला. सांगलीत सुतार आमच्या कपाटाला पॉलिश करायचा तेव्हा यायचा तोच. चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच तर ते पॉलिश करतात, आणि ७८ ची रेकॉर्ड त्याच लाखेची असते. दगडाची भुकटी, काजळी आणि त्यांना धरून ठेवणारी लाख.

ती लाख आपल्याकडची. छोटा नागपूर, मिर्झापूर, बंगाल, थोडी गोंदिया-गडचिरोलीतलीही. पळस, बोर, कुसुमाच्या फांद्यांवरच्या किड्यांनी केलेली, खरवडून, वितळवून, ताणून पातळ केलेली आणि कलकत्त्याच्या बंदरातून निघालेली. दुसरं महायुद्ध पेटलं आणि हा पुरवठा धोक्यात आला. अमेरिकी सरकारने एप्रिल १९४२ मध्ये रेकॉर्डसाठीचा लाखेचा वापर ७० टक्क्यांनी कापला. नवी रेकॉर्ड हवी तर जुनी आणून द्या म्हणजे ती वितळवता येईल, अशी पाळी आली. स्वस्त लेबलं पहिल्यांदा गळाली. सियर्सचं कॉन्करर त्याच वर्षी थांबलं. आणि घराघरांतून देऊन टाकायला निघाल्या त्या अर्थातच २५ सेंटांच्या.

वाजवायचं तर ७८ साठीची रुंद टोकाची सुई लावा, ३ मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग). एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन नुसती खरखर काढते. रेकॉर्ड्स उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका.

नववी पायरी: वही

फोनमध्ये नको, वहीत. रकाने असे पाडा: लेबल, क्रमांक, मॅट्रिक्स आणि टेक, छापलेलं नाव, खरं नाव, कारखाना, दुकान, कुठून घेतली. सुरुवात एकाच लेबलापासून करा, मी रोमिओ सुचवेन. लहान आहे, वर्षभरात अंदाज येतो.

'खरं नाव' हा रकाना पेन्सिलीने भरा. माझ्या वहीत तो चार ठिकाणी खोडून कागद झिरझिरीत झालाय, आणि एका चॅलेंजपुढे गेली तीन वर्षं काहीच लिहिलेलं नाही.